आर्डनामकचा अर्थ

जुलै महिन्यात, नॉर्थ कॅरोलिनाच्या उन्हात, आठ वार लोकरीचा चौकड्यांचा किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा घागरा, नेसून जो माणूस तासभर उभा राहतो तो एकतर शूर असतो, नाहीतर त्याला अडवणारं घरात कुणी नसतं. मला अडवणारी होती. माझी बायको वर्लीन दरवर्षी दारात येऊन एकच विचारायची, "डूगी, आत काही घातलंयस ना? तेवढं सांग, बाकी तुझं तू बघ."

मी ड्यूगल्ड मॅकीथन. आर्डनामक गावात आणि भोवतालच्या रस्त्यांवर तेहतीस वर्षं टपाल वाटलं. नोकरी संपत आली की आमच्याकडचे लोक मासे धरायला लागतात. मी पूर्वज धरायला लागलो. माझे पूर्वज अडीचशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडमधून गलबतानं आले, नदीनं वर चढले आणि ह्या पाइनच्या रानात उतरले, एवढं मला आजोबांकडून माहीत होतं. त्यावर मी बराच मसाला घातला. ते सरदार होते असं मी आधी लोकांना सांगितलं, आणि पुष्कळदा सांगितल्यावर मग मलाही ते पटलं.

मी 'आर्डनामक स्कॉटिश वारसा मंडळ' काढलं. सभासद अकरा. त्यातले सात मॅक आडनावाचे, तिघी त्यांच्या बायका, आणि एक निवृत्त दंतवैद्य, ज्यांचा स्कॉटलंडशी संबंध फक्त बाटलीतून आलेला होता. अध्यक्ष मी, चिटणीस मी, बॅगपाइप वाजवणाराही मी. बॅगपाइप मी असा वाजवायचो की शेजारच्या रस्त्यावरची कुत्री एका सुरात साथ द्यायची. सुरात तीच असायची.

गावाच्या नावाचं दुखणं जुनं होतं. आर्डनामक. नावाच्या शेपटाला 'मक', आणि मक म्हणजे आमच्या बोलीत शेणमातीचा राडा. पलीकडच्या पाइन बेंड गावची पोरं फुटबॉलच्या सामन्यात आम्हाला 'ए शेणातले' म्हणून हाका मारायची. माझ्या वडिलांना मारल्या, मला मारल्या, माझ्या मुलांना मारल्या. म्हणून मी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून गेलिक ह्या स्कॉटलंडच्या जुन्या भाषेचा एक शब्दकोश आणला, आठवडाभर त्यात डोकं घातलं आणि जाहीर केलं की आर्डनामक म्हणजे 'वीरांची टेकडी'. मंडळानं वर्गणी काढून चौकात तसा दगड बसवला. ग्रॅनाइटचा. मी कुठलीही चूक कच्ची करत नाही.

मग गेल्या वर्षी आमचे मेयर हॉरेस ट्रूलव्ह ह्यांच्या डोक्यात आलं की गावाचं नाव बदलून 'पाइन लेक्स' करावं. गोल्फ खेळणारी निवृत्त माणसं उत्तरेकडून येतात, घरं घेतात. पण पत्त्यात 'मक' लिहायला लागेल म्हटलं की पुढच्या गावाला जातात. मी भर दुकानात हॉरेसला म्हणालो, "गावात एकही तळं नाही."

"टेकडी तरी कुठाय?" हॉरेस म्हणाला.

आमचा मुलूख पोळपाटासारखा सपाट आहे. म्हणून मी तज्ज्ञ बोलवायचं ठरवलं.

त्या वेळी आमच्या राज्यातल्या एका विद्यापीठात इशबेल मॅकूइश नावाच्या बाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवरच्या; गेलिक त्यांची आईची भाषा, आणि गावांची नावं हा अभ्यास. मी त्यांना पत्र लिहिलं की नगर मंडळाच्या सभेत येऊन आमच्या नावाचा खरा अर्थ सांगाल का. त्यांनी उलट विचारलं, "अर्थ तुम्हाला ठाऊक असेलच?" मी लिहिलं, "अर्थातच." उंटावरचा शहाणा म्हणतात तो ह्याहून वेगळा नसतो.

सभा शनिवारी सकाळी दहाला होती. बाई बसमधून उतरल्या. साठीच्या, ठेंगण्या, ऑक्टोबरच्या लख्ख उन्हातही पावसाळी कोट घातलेल्या. मी पूर्ण पोशाखात पुढे झालो आणि बारा वर्षं टेप ऐकून शिकलेल्या गेलिकमध्ये त्यांचं स्वागत केलं. त्या फार सौजन्यानं म्हणाल्या, "माफ करा, मला नॉर्वेजियन येत नाही."

तिथेच मी परत फिरायला हवं होतं.

नगरभवनात पन्नासेक माणसं होती. पुढे नगर मंडळाच्या पाच सभासदांचं टेबल, मधे हॉरेस. मागच्या रांगेत मिस अर्नेस्टीन मॅकीथन बसल्या होत्या. आडनाव माझंच, पण त्या काळ्या आणि मी गोरा, आणि आमच्या भागात हे असं का असतं ते कुणी विचारत नाही, कारण सगळ्यांना माहीत असतं. वय पंचाहत्तर. चाळीस वर्षं त्यांनी पहिलीचा वर्ग शिकवला. माझ्या दोन्ही मुलांना वाचायला त्यांनीच शिकवलं. त्या सभेला कशाला आल्या असतील, असा विचार माझ्या मनात आला आणि किल्ट सावरण्यात लगेच निघूनही गेला.

हॉरेस म्हणाला, "तर बाई, आमच्या गावाच्या नावाचा अर्थ काय ते एकदाचं सांगून टाका. डूगीनं आमचे कान किटवलेत."

इशबेलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "ह्यांनी सांगितला नाही तुम्हाला?"

"सांगितलाय की. वीरांची टेकडी. चौकात दगडच आहे."

बाईंनी चष्मा नाकावर खाली घेतला. "वीर? वीर कुठून आले त्यात?"

कुणीतरी खोकलं. मी म्हणालो, "मूळ शब्द 'मोर' असणार. म्हणजे महान. पुढे अपभ्रंश होऊन..."

"नाही हो," त्या म्हणाल्या. एखाद्याच्या सदऱ्यावरचा धागा काढावा इतक्या हलक्या हातानं म्हणाल्या. "नाव अगदी शुद्ध राहिलंय. आर्ड म्हणजे उंच जागा. नाम मुक म्हणजे डुकरांची. डुकरांचा उंचवटा. आमच्याकडे अशी नावं पुष्कळ आहेत. फार गोड नाव आहे."

मग पाइन बेंडहून मुद्दाम मजा बघायला आलेल्या एका माणसानं नाकातून आवाज काढला, आणि पुढचं मला सांगवत नाही. पन्नास माणसं हसत असताना मधोमध किल्टमध्ये उभं राहणं हे नुसतं उभं राहण्यासारखं नसतं. वारा लागतो.

हसणं ओसरल्यावर इशबेलबाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "मला एकच कोडं आहे. इथे उंचवटा कुठे आहे? सगळं तर सपाट दिसतं."

"आहे." मागून आवाज आला.

मिस अर्नेस्टीन उठल्या. पहिलीच्या मुलांना गप्प करायला त्यांना कधी आवाज चढवावा लागला नव्हता, तसा आताही लागला नाही. "टपाल कचेरीमागे ओकची झाडं आहेत ना, तिथून ओढ्याकडे गेलं की कमरेएवढी चढण आहे. दलदलीला पाणी चढलं की रानात सोडलेली डुकरं तिथे येऊन उभी राहायची. माझ्या आजीचा आजा, कॅटो त्याचं नाव, तो डुकरं राखायचा. डुकरं ह्या डूगीच्या खापरपणजोबांची. कॅटोही त्यांचाच." शेवटचे दोन शब्द त्यांनी बाकीच्या वाक्यासारखेच उच्चारले. "तो डुकरांना जशी हाक मारायचा, तशी आमच्या घरात अजून सगळ्यांना येते."

आणि त्यांनी हाक मारली. हळू, लांबवून, "मुकान, मुकान, मुकान."

इशबेलबाई खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"आजीनं. तिला तिच्या आजीनं."

"हे गेलिक आहे."

"ते आम्हाला माहीत आहे, बाई. आडनावासारखी भाषाही मालकाची; घरात तीच, चर्चमध्ये तीच. मग गुलामांनी दुसरी कुठली बोलायची?"

इशबेलबाई टेबलांमधून वाट काढत मागे गेल्या आणि काहीतरी म्हणाल्या. मिस अर्नेस्टीननी दोन शब्दांत उत्तर दिलं. पाणी, दार लाव, इकडे ये, गप्प बस. असे वीस-पंचवीस शब्द त्यांच्याकडे होते, आणि एका स्तोत्राची दीड ओळ. भाषा म्हणण्याइतकं ते नव्हतं. पण बाईंना ते सगळं कळत होतं. माझं बारा वर्षांचं नॉर्वेजियन निघालं होतं.

मत घ्यायची वेळ आली तेव्हा टेबलावरच्या पाचांतल्या क्लेटन बॅगेटनं घसा साफ केला. क्लेटनचं चौकातच भाजलेल्या डुकराच्या मटणाचं दुकान आहे आणि तो नाव बदलायच्या बाजूचा होता. तो म्हणाला, "मी चाळीस वर्षं गावात डुक्कर भाजतोय. ते गावाच्या नावातच आहे हे मला कुणी सांगितलं नाही. आता नाव बदललंत तर माझी फुकटची जाहिरात जाईल." त्यानं मत फिरवलं. तीन विरुद्ध दोन. आर्डनामक राहिलं. मी जिंकलो होतो, आणि कुणीही माझ्याशी हात मिळवायला आलं नाही.

बाहेर इशबेलबाईंनी मला सहज विचारलं, "मिस अर्नेस्टीन तुमच्या मंडळात असतीलच?"

"अजून नाहीत," मी म्हणालो. आणि मला ते पत्र आठवलं.

मंडळ काढलं त्याच वर्षी मिस अर्नेस्टीननी सभासदत्वाचा अर्ज मागवला होता. मी मंडळाच्या कागदावर उत्तर लिहिलं: आपल्या स्वारस्याबद्दल आभारी आहोत, कृपया स्कॉटिश वंशावळ कागदपत्रांसह जोडावी. हे मी दुसऱ्या कुणाकडेही मागितलं नव्हतं. दंतवैद्याकडे तर मुळीच नाही. मी नकार दिलाय असं मला तेव्हा वाटलंसुद्धा नाही, नियम पाळलाय असं वाटलं. पाकिटावर तिकीट लावलं आणि दुसऱ्या दिवशी टपालाच्या गणवेशात त्यांच्या दारात ते स्वतःच्या हातानं दिलं. त्या म्हणाल्या होत्या, "थँक यू, डूगी." त्यानंतर चार वर्षं मी रोज त्यांच्या पेटीत टपाल टाकलं. पत्राचं उत्तर आलं नाही, आणि का आलं नाही ह्याचा मी एकदाही विचार केला नाही.

घरी येऊन वर्लीनला सांगितलं. ती पीठ मळत होती. गोळा परातीत आपटून म्हणाली, "उद्या रताळ्याची गोड पाई भाजून देते. घेऊन जा. पण पाई माझी आणि माफी तुझी. दोन्ही माझ्याच्यानं होणार नाही."

रविवारी चर्च सुटल्यावर मी साध्या विजारीत त्यांच्या घरी गेलो. मिस अर्नेस्टीन ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी पाई घेतली, आत नेली, आणि येताना बर्फाचा गोड चहा आणि एक पाकीट घेऊन आल्या. पाकीट मी ओळखलं.

"वाच," त्या म्हणाल्या.

माझ्याच पत्रावर लाल शाईच्या खुणा होत्या. "दोन शब्द चुकलेत," त्या म्हणाल्या. "आणि 'स्वारस्य' म्हणतोस पण वाक्यात ते कुठे दिसत नाही. दहापैकी चार दिलेत. अक्षर बरं होतं म्हणून."

"मिस अर्नेस्टीन, मी माफी मागायला आलोय."

"ते पाई बघून कळलं."

मी ठरवून आलेलं सगळं विसरलो आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं. "मला डुक्कर माहीत होतं," मी म्हणालो. "शब्दकोशात मी पहिल्याच दिवशी वाचलं होतं. आर्ड उंचवटा, मुक डुक्कर. वाचलं आणि पान उलटलं. मग महान शोधत बसलो." हे मी वर्लीनलाही कधी सांगितलं नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या धाकट्यानं पेन्सिल चोरली होती तेव्हा त्याच्याकडे जसं बघितलं असेल तसं. "तुम्हा लोकांना पान उलटायची सवयच आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या अर्जाचंही तेच केलंस."

मी म्हणालो, "मंडळाचा अध्यक्ष म्हणून विचारत नाही, पण तुम्ही आता सभासद व्हाल का?"

"नाही. तेव्हा व्हायचं होतं." चहाचा पेला त्यांनी खाली ठेवला. "गाडी आणलीयस ना? मग काढ. आणि कागद घे."

त्या दिवसापासून हिवाळाभर आम्ही दर गुरुवारी फिरलो. मी चालवायचो आणि लिहायचो, त्या बोलायच्या. ह्या मुलुखातली प्रत्येक टपालपेटी मला माहीत होती. दोन पेट्यांच्या मधे काय आहे ते त्यांना माहीत होतं. इथे घोडे उतरायचे, त्याचं हे नाव. हा खड्डा, जिथे वासरू बुडालं. ही वाट, जिच्यावरून बायका चर्चला जायच्या, मालकांच्या मागे वीस पावलं अंतर ठेवून. एकही नाव नकाशावर नव्हतं. उत्साहात मला पूर्वीसारखंच भान राहत नसे. एकदा मी म्हणालो, "हे सगळं आपल्या दोघांचंच आहे की."

"वाट दोघांची होती," त्या म्हणाल्या. "अंतर फक्त आमचं होतं. तेही लिही."

मी लिहिलं. यादी इशबेलबाईंकडे जायची. त्या आता बेटावर परतल्या होत्या आणि फोनवर अर्थ सांगायच्या. एकोणीस नावं झाली. चौकातला दगड काढून टाकावा असं मी मंडळात सुचवलं, तर दंतवैद्य म्हणाले, राहू द्या, गावाला हसायला काहीतरी लागतं. तो ठराव एकमतानं झाला, मी धरून.

फेब्रुवारीत मिस अर्नेस्टीन मला ओढ्याच्या वळणावर घेऊन गेल्या. सायप्रसच्या झाडांत एक मोकळी जागा होती. दगड नाहीत, खुणा नाहीत. जमीन जागोजागी माणसाच्या लांबीची खचलेली, आणि काही ठिकाणी पांढरे शिंपले मांडलेले. त्यांची सगळी माणसं इथे पुरलेली होती. कॅटो, त्याची बायको, त्यांच्या पुढच्या पिढ्या, आणि एकोणीसशे बासष्ट साली मिस अर्नेस्टीनची आई.

"ह्याला आम्ही डालूक म्हणतो," त्या म्हणाल्या. "म्हणजे स्वर्गाचं दार. आजीनं सांगितलं होतं. कुणी गेलं की म्हणायचे, डालूकला गेला. मला लहानपणी वाटायचं, दार आहे तर कधीतरी उघडलेलं दिसेल." त्या बराच वेळ तिथे उभ्या राहिल्या. मी टोपी काढून मागे उभा राहिलो.

इशबेलबाईंचा फोन पुढच्या मंगळवारी आला. "डालूक म्हणजे दाल ल्यूख," त्या म्हणाल्या. "ह्यात शंकाच नाही. ओलं शेत. पाणथळ कुरण म्हणा."

"स्वर्ग कुठेच नाही?"

"नाही हो. नुसतं ओलं."

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात बसलो. खोटं सांगणं सोपं होतं. ज्यानं डुकरांतून वीर काढले त्याला ओल्या शेतातून स्वर्ग काढणं काय अवघड. आणि ह्या वेळी मी ते माझ्यासाठी करणार नव्हतो. म्हातारीला पंचाहत्तरीत कशाला दुखवायचं, असं मी वर्लीनला म्हणालो.

वर्लीन म्हणाली, "तू तिला दुखवायला घाबरत नाहीयेस, डूगी. तिला सांगायला घाबरतोयस. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत." आणि गाडीची किल्ली माझ्यापुढे ठेवली.

मिस अर्नेस्टीन ओट्यावर वालाच्या वाळक्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी पायरीवर उभा राहूनच सांगितलं. ओलं शेत.

त्यांचे हात थांबले.

"आजीनं आम्हाला बनवलं, की तिलाच कुणी बनवलं होतं?" त्यांनी विचारलं.

"मला माहीत नाही, मिस अर्नेस्टीन."

"ओलं तर आहे ते," त्या म्हणाल्या. "आईला ठेवलं तेव्हा खड्ड्यात वीतभर पाणी आलं होतं. भावांनी बादलीनं उपसलं. आजी काठावर उभी होती. तीही बघत होती." त्यांनी एक शेंग उचलली, सोलली नाही, नुसती बोटांत धरली. "ते पाणी बघूनसुद्धा ती आम्हाला म्हणाली, दार आहे. आम्ही सहा भावंडं रडत होतो."

मी म्हणालो, "यादीत काय लिहू? तुम्ही म्हणाल ते लिहितो."

"मी म्हणेन ते कशाला? दोन्ही लिही. आधी ओलं शेत. मग खाली आजीचं, तिच्या नावानं. नाव मेहिटेबल मॅकीथन. स्पेलिंग मी सांगते, तुझ्या भरवशावर नको."

मी गाडीतून वही आणायला वळलो. मागून त्या म्हणाल्या, "आणि मग इथे बस. एवढे वाल एकटीनं व्हायचे नाहीत."